जो ओरडला, त्याचा हात

धक्का बसला तसं सगळं वजन जावयाच्या मनगटांवर आलं.

"सोड!" तो ओरडला, दोन्ही पंजे उघडून झटकन मागे सरला, आणि तक्ता लाकडी चढावर आपटून घसरत खाली गेला. फुटला नाही. फुटण्यासारखा नव्हताच तो. काचेच्याच वजनाचा, काचेसारखाच आरपार दिसणारा, पण प्लास्टिकचा. प्रयोगशाळेने मुद्दाम करून घेतलेला. तरी त्याच्या छातीत धडधडायला लागलं ते थांबेना. एकवीस वर्षं काच वाहिलेल्या माणसाच्या छातीला काच कुठली आणि प्लास्टिक कुठलं, हे कोण समजावणार?

चढाच्या खालच्या टोकाला निळं यंत्र उभं होतं. फ्रीजएवढं धड, खाली चाकं, पुढे दोन लांब हात. हात अंगाशी घेऊन ते गप्प उभं होतं, जसं काही झालंच नाही.

"लागलं का, काका?" विद्यार्थिनीने विचारलं. तिच्या हातात एक बांबू होता, पुढच्या टोकाला उशी बांधलेला. तक्ता चढावरून वर जात असताना मध्येच बाजूने ढोसायचं, एवढंच तिचं काम.

"मला काय होतंय," तो म्हणाला. "घ्या पुन्हा."

पुन्हा त्याने वरचं टोक धरलं, निळ्या यंत्राने खालचं. तो पाठमोरा, एकेक पाऊल मागे टाकत चढाला लागला. या वेळी तो ओरडणार नव्हता. काय होतं ते बघायचं होतं त्याला. उशी तक्त्यावर बसली, आणि पुन्हा तेच वजन आलं. त्याने दात आवळले आणि एकट्याने ते धरून ठेवलं. समोर, आरपार तक्त्यातून, निळ्या यंत्राचे दोन्ही पंजे त्याला स्पष्ट दिसले. ते उघडे होते. तक्त्यापासून बोटभर लांब. मग तक्ता पडत नाही असं बघून ते हळूच मिटले आणि यंत्राने आपलं टोक पुन्हा धरलं, अगदी शहाण्या माणसासारखं.

हे वजन त्याच्या ओळखीचं होतं. कुठून ओळखीचं, ते त्याला लगेच सांगता आलं नसतं. मनगटांना मात्र पक्कं माहीत होतं.

"बिघडलंय का हे?" त्याने विचारलं.

पडद्यांमागे बसलेल्या डॉक्टरबाई उठून आल्या. डॉक्टर त्या नावाच्याच. सर्दीपडशावर त्यांच्याकडे गोळी मिळत नसे. माणूस आणि यंत्र यांनी मिळून काम कसं करावं, आणि यंत्रांनी एकमेकांकडून कसं शिकावं, हा त्यांचा विषय. खिडकीची काच बसवून घ्यायला म्हणून त्या एकदा दुकानात आल्या, आणि दोन माणसं, तो आणि त्याचा मेहुणा, दरवाजाएवढी काच घेऊन, एक शब्द न बोलता, तळघराच्या जिन्यातून वर येताना बघून खिडकी विसरून गेल्या.

"तुम्ही बोलत कसे नाही?" त्यांनी तेव्हा विचारलं होतं.

"बोलायला लागलो तर भांडू, बाई," मेहुणा हसत म्हणाला होता. "घरचीच माणसं आहोत."

ते खरंच होतं. दुकान सासऱ्यांचं. मालकाच्या मुलीशी लग्न करून तो कामाला आला त्या दिवसापासून टेम्पोवाल्यांनी त्याला जावईबापू म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव असं चिकटलं की गिऱ्हाइकंही तसंच हाक मारू लागली. डॉक्टरबाईंनी तर पहिल्या दिवशी फॉर्मवर नावाच्या रकान्यात जावईबापू असंच लिहिलं. जोडीदार म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. दोघांना प्रयोगशाळेत बोलावलं गेलं, बोटाबोटाचा दाब मोजणारे हातमोजे दिले गेले, त्याला पिवळे आणि मेहुण्याला निळे. सहा आठवडे दोघांनी तक्ता वाहिला. पिवळ्या हातमोज्यांवरून पिवळं यंत्र शिकलं, निळ्यांवरून निळं.

शिकायला होतं बरंच. मोठी काच दोघांत न्यायची तर एकाला उलटं चालावं लागतं आणि त्याचे डोळे दुसऱ्याने व्हायचं असतं. समोर बघणारा अंगठ्याच्या नखाने काचेवर टिचकी मारतो. एक टिचकी म्हणजे पायरी, दोन म्हणजे वळण, तीन म्हणजे टेकव. आणि शेवटचा नियम सगळ्यांत जुना. काच हातातून गेली असं वाटलं की धरायला जायचं नाही. धरणाऱ्याची बोटं जातात. "सोड!" म्हणून ओरडायचं आणि दोघांनी लांब उडी मारायची. ज्याचा हात सुटतो त्याला ते आधी कळतं, म्हणून तोच आधी ओरडतो. त्यामुळे काच फुटली की या धंद्यात कुणी चौकशी करत नाही. जो ओरडला, त्याचा हात.

"बिघडलेलं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आम्हालाही तसंच वाटलं होतं. नट न् नट तपासला. ते शिकलंय तसंच वागतंय." त्यांनी त्याला पडद्यासमोरच्या खुर्चीत बसवलं. "खरं तर मला तुमची माफी मागायची आहे, जावईबापू."

"माझी? कशाबद्दल?"

"सहाशे चाळीस फेऱ्यांत तुमच्या दोघांच्या हातून तक्ता चार वेळा पडला. चारही वेळा ओरडलात तुम्ही. मग तुमच्याच नियमाने मी चारही वेळा लिहून टाकलं, की वरच्या माणसाचा हात सुटला. पण तसं लिहिल्यावर यंत्रं शिकेनात. काही केल्या मेळ बसेना. शेवटी माझं लिहिलेलं पुसलं आणि नुसते हातमोज्यांचे आकडे ठेवले, तर दोन दिवसांत शिकली."

पडद्यावर दोघांच्या पकडीच्या दोन रेघा होत्या, पिवळी आणि निळी. दोन्ही शेजारी शेजारी सरळ चालल्या होत्या. एका जागी निळी रेघ खाली बसली. त्याच जागी पिवळी उसळून वर गेली. आणि त्याच्या पुढे, चांगल्या बोटभर अंतरावर, एक लाल ठिपका होता.

"हा ठिपका काय?"

"तुमचा आवाज. 'सोड.'"

त्याने ठिपक्यावर बोट ठेवलं. "चारही वेळा असंच?"

"चारच वेळा नाही. प्रत्येक धक्क्याला." त्यांनी रेघा पुढे सरकवल्या. निळी बसत होती, पिवळी उसळत होती, पुन्हा बसत होती, पुन्हा उसळत होती. "धक्का बसला की ते आधी पकड सोडतात. क्षणभर बघतात. पडत नाही असं दिसलं की परत धरतात. मुद्दाम करतात असं मी म्हणणार नाही. भीतीने होत असेल."

"आणि तेवढ्या वेळात काच कोण धरतं?"

डॉक्टरबाईंना हा प्रश्न सोपा वाटला. "तुम्हीच की," त्या म्हणाल्या. "तुमची पकड तुमच्या वयाच्या माणसाच्या दुप्पट आहे. आम्ही सगळे बोलत होतो, हे करतात तरी काय!"

तो काय करतो ते त्याच्या खिशात होतं. रबरी चेंडू. अकरा वर्षं तो रोज दाबत आला होता, टेम्पोत बसल्यावर, चहा गार होईपर्यंत, कुणाशी बोलताना. सासऱ्यांनी स्वतः आणून दिलेला. "हाताला ताकद येऊ द्या, जावईबापू," असं म्हणून.

"गंमत पुढेच आहे," डॉक्टरबाई रंगात आल्या होत्या. "पिवळ्याला आणि निळ्याला आम्ही संगणकात एकमेकांबरोबर काच वाहायला लावलं. सुरुवातीला फोडाफोडी. मग पिवळं काय शिकलं माहीत आहे? निळ्याची पकड केसभर ढिली झाली रे झाली, की काच लगेच पायरीवर टेकवायची. भरवसा ठेवायचाच नाही. तेव्हापासून त्यांच्या हातून एकही काच फुटलेली नाही. कुणीही न सांगता शिकलं. चारशे फेऱ्यांत."

"चारशे फेऱ्या म्हणजे किती दिवस?"

"दिवस कसले! संगणकात दहा-बारा मिनिटं."

तो हसला. हसू आलं म्हणून नाही. तोंडाचं काहीतरी करायला हवं होतं म्हणून. दहा-बारा मिनिटं! आणि आपण गाढवासारखी एकवीस वर्षं त्याच माणसाबरोबर काच वाहतोय, आणि आपल्याला पत्ता नाही.

"शुक्रवारी मेहुण्यांना दाखवणार आहोत सगळं," त्या म्हणाल्या. "निळ्याची ही सवय हवी तर काढून टाकता येईल. त्यांना वाईट नको वाटायला. काढू का?"

"काढू नका," तो म्हणाला. "जे शिकलंय ते खरं शिकलंय. आणि त्याला मी सांगतो."

घरी जाताना त्याने नेहमीची बस सोडली आणि चालत निघाला. चालताना तो एकेक करून सगळं आठवत होता, आणि प्रत्येक गोष्ट उलटी होऊन त्याच्यासमोर येत होती.

अकरा वर्षांपूर्वीची दुपार. तळघरातून दुकानात येणाऱ्या नऊ पायऱ्या. तेव्हा उलटं चालायची पाळी असे, एक दिवस त्याची, एक दिवस मेहुण्याची. त्या दिवशी त्याची होती. तो वर, पाठमोरा. मेहुणा खाली. आणि मेहुण्याच्या मागे दोन पायऱ्या सोडून सासरे, बॅटरीचा उजेड दाखवत. चौथ्या पायरीवर काचेचा कोपरा कठड्याला लागला. धक्का बसला. वजन आलं. तो "सोड!" म्हणून ओरडला. मेहुणा भिंतीशी उडी मारून वाचला, आणि काच फुटून सरळ खाली गेली. सासऱ्यांच्या टाचेची शीर तुटली. तेव्हापासून म्हाताऱ्याच्या हातात काठी आली ती आलीच.

दवाखान्यात कुणी त्याला बोल लावला नाही. तो स्वतःच म्हणाला होता, "माझा हात सुटला." ओरडला तोच होता, दुसरं काय म्हणणार? मेहुण्याने सगळ्यांसमोर त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. "हात आहे, सुटतो. भाऊजींना कुणी काही बोलायचं नाही." केवढा मोठेपणा! त्या खांद्यावरच्या हाताने तो आयुष्यभराचा मिंधा झाला होता. नंतर मेहुणाच म्हणाला, "आता उलटे कायम तुम्हीच चाला, भाऊजी. म्हणजे मला तुमचे हात दिसत राहतील." त्यालाही तो मुकाट्याने हो म्हणाला. आणि महिनाभरानंतर सासऱ्यांनी हिरकणी मेहुण्याला दिली.

हिरकणी म्हणजे काच कापायची. पितळी मूठ, टोकाला मुगाच्या दाण्याहून बारीक हिरा. सासऱ्यांच्या हातात ती तीस वर्षं होती, आणि त्या वर्षी एका वाड्याच्या दिवाणखान्याचे आरसे जावयाने कापले तेव्हा म्हातारा चारचौघांत म्हणाला होता की ही आता जावईबापूंची. त्याची रेघ होतीच तशी. एकदा ओढली की काच टक्कन दोन होई, कडेला कपचा म्हणून नसे. पण ज्याचा हात सुटतो त्याच्या हातात हिरकणी कशी द्यायची? त्यालाही ते पटलं होतं. अकरा वर्षांत त्याने एक काच कापली नव्हती. नुसती वाहिली होती, तीही उलटं चालत. मेहुण्याच्या रेघेला कपचे उडायचे आणि तो ते झाडूने गोळा करायचा.

रस्त्याच्या कडेला उभं राहून त्याने खिशातला चेंडू बाहेर काढला. हाताला सवय होती, हात आपोआप दाबायला लागला. तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने चेंडू फेकायला हात उचलला, आणि शेजारून जाणारी बाई दचकून बाजूला झाली म्हणून परत खिशात टाकला.

बायको खिडकीशी बसून शर्टाला बटण लावत होती. शर्ट तिच्या भावाचा.

"लवकर आलात? निळ्या यंत्राशी पटलं नाही वाटतं," ती म्हणाली.

"पटलं. फारच पटलं." तो तिच्यासमोर बसला. "मामांच्या पायाचं झालं त्या दिवशी तुझा भाऊ घरी येऊन काय म्हणाला होता?"

तिने सुई थांबवली. "आज कुठून काढलंत हे?"

"सांग ना."

"काय म्हणणार? लहान मुलासारखा रडला. आईच्या मांडीत डोकं खुपसून. भाऊजींना काही बोलू नका, भाऊजींना काही बोलू नका, एवढंच. आम्हाला वाटलं, बाबांसाठी रडतोय, आणि हा तुमचीच काळजी करतोय." तिने दोरा दाताने तोडला. "असा भाऊ मिळायला नशीब लागतं हो."

तो सांगणारच होता. तिच्या मांडीवर तो शर्ट होता, आणि ती बटण ओढून पक्कं बसलंय ना ते बघत होती. "आणि मामा काय म्हणाले?" त्याने विचारलं.

"बाबा काहीच नाही. भिंतीकडे तोंड करून पडले होते. दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. दुखत असेल." मग तिने त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. "अहो, इतकी वर्षं झाली. कुणाच्या मनात काही नाही तुमच्याबद्दल. सोडा आता."

"हो," तो म्हणाला. "सोडतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी एका औषधाच्या दुकानाची दर्शनी काच न्यायची होती. टेम्पो दाराशी उभा होता, टेम्पोवाला घड्याळ दाखवून बोंबलत होता. जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून सासरे नेहमीसारखे रस्त्याकडे तोंड करून बसले होते, काठीने फरशीवर ठोके देत. आत येताना जावई त्यांच्याजवळून गेला. रोज तो "मामा, चहा झाला का?" असं विचारायचा. आज विचारलं नाही.

तळघरात काच लाकडी घोडीवर टेकवून ठेवलेली होती. मेहुणा हातमोजे चढवत होता. शर्टाच्या खिशातून हिरकणीची पितळी मूठ डोकावत होती, तिच्या शेजारी काल लावलेलं बटण.

"चला भाऊजी, ते माकड वर नाचतंय," मेहुणा म्हणाला आणि रोजच्यासारखा खालच्या टोकाकडे गेला.

जावई जागचा हलला नाही. "आज उलटा तू चाल."

"का? पाठ धरली की काय?"

"पाठ ठीक आहे."

"मग? प्रयोगशाळेत जाऊन तुमचं डोकं फिरलंय." मेहुणा हसला. एकटाच हसतोय हे लक्षात आल्यावर थांबला. "काय झालं?"

"निळं यंत्र धक्का बसला की हात सोडतं," जावई म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला, इतका साधा होता. "मी ओरडायच्या आधी. दर वेळी. त्या डॉक्टरबाई म्हणाल्या, ते तुझ्याकडून शिकलंय."

मेहुणा हातमोज्याचं एक बोट नीट बसवत राहिला. बोट केव्हाच बसलं होतं. वरून काठीचे ठोके ऐकू येत होते.

"ताईला सांगितलंत?" त्याने अखेर विचारलं.

झालं. एवढंच हवं होतं. रात्रभर जावयाने मनात त्याच्यासाठी एक पळवाट ठेवली होती. कदाचित त्याला माहीतच नसेल. कदाचित हातांनी परस्पर केलं असेल. ती पळवाट मेहुण्याने स्वतःच बंद केली.

"नाही सांगितलं," तो म्हणाला. "केसाने गळा कापलास रे माझा. आणि वर खांद्यावर हात ठेवलास."

"भाऊजी, मी घाबरलो होतो. काच माझ्या अंगावर येत होती. नंतर बोलायला गेलो तर तुम्हीच म्हणालात, माझा हात सुटला. सगळ्यांनी ते ऐकलं. मग मला..." त्याने मान खाली घातली. "मग दिवस गेले की सांगता येत नाही."

"ताईला सांगितलंत का ते विचारलंस. मामांना सांगितलं का, ते नाही विचारलंस?"

मेहुण्याने वर, जिन्याच्या तोंडाकडे बघितलं.

"अरे, बोल की! म्हातारा जन्माचा अधू झालाय. त्याला कळलं तर काय होईल, याची तुला भीती नाही वाटत?"

"बाबा माझ्या मागेच उभे होते, भाऊजी," मेहुणा हळू म्हणाला. "त्यांच्या हातात बॅटरी होती."

जावयाला हे आधी समजलं नाही. मग समजलं. दोन पायऱ्या खाली, उजेड धरून, तोंड वर करून उभा असलेला म्हातारा. त्याच्याइतकं स्पष्ट कुणीच बघितलं नव्हतं. भिंतीकडे तोंड करून दोन दिवस. मग महिनाभराने हिरकणी. मग चेंडू. आणि रोज, न चुकता, अकरा वर्षं, जिन्यातून पावलं वाजली की हात सांभाळायला सांगणारं तेच एक वाक्य. मेहुण्याने केलं ते भीतीपोटी केलं. म्हाताऱ्याने मात्र विचार करून केलं होतं.

जावई घोडीला धरून क्षणभर उभा राहिला. मेहुण्याने खिशातली हिरकणी काढली आणि दोन्ही हातांनी पुढे केली. तिच्या मुठीवर सासऱ्यांच्या अंगठ्याचा खळगा पडलेला होता.

"घ्या. तुमचीच होती."

जावयाने ती घेतली नाही. त्याने आपल्या खिशातला चेंडू काढला आणि कोपऱ्यातल्या, फुटक्या काचांच्या पिंपात टाकला. काचांवर पडून तो एकदा उसळला आणि खाली कुठेतरी गेला.

"आधी काच वर नेऊ," तो म्हणाला. "गिऱ्हाईक थांबलंय."

मेहुणा वरच्या टोकाकडे गेला. अकरा वर्षांत प्रथमच त्याने जिन्याकडे पाठ केली. जावयाने खालचं टोक उचललं. वजन हातात आलं आणि त्याला नवल वाटलं. खालून काच जड असते हे तो विसरूनच गेला होता. त्याने एक टिचकी मारली. पहिली पायरी. मेहुण्याचा पाय मागे चाचपडला, कड सापडली, वर चढला. दुसरी टिचकी. तिसरी. काचेच्या पलीकडे मेहुण्याचा चेहरा घामाने चिंब झाला होता. 

चौथ्या पायरीवर त्याने टिचकी मारली नाही.

मेहुण्याचा पाय हवेत थांबला. खाली ठेवावा की वर, ते त्याला कळेना. तो काचेतून जावयाकडे बघत राहिला, डोळे मोठे करून. काच दोघांच्या हातात होती. एकाने पंजे उघडले असते तर पुरलं असतं. जावयाने आपली बोटं बघितली. ती घट्ट होती. त्यांना दुसरं काही येतच नव्हतं.

वर काठीचा ठोका पडला. सासऱ्यांना जिन्यातली पावलं ऐकू आली होती. मागे वळून न बघता, रोजच्या आवाजात, त्यांनी रोजचं वाक्य म्हटलं.

"हात सांभाळा, जावईबापू."

रोज तो वरून, पाठमोरा, म्हणायचा, "हो, मामा." आज तो काचेखालून बोलला.

"मी खाली आहे, मामा."

काठी थांबली. रस्त्यावर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. खुर्ची करकरली, म्हातारा वळला असावा. जिन्याच्या तोंडाशी त्याला आपल्या मुलाची पाठ दिसली असेल, आणि तिच्यापलीकडे, काचेतून, जावई. कुणीही विचारलं असतं, आज असं का? टेम्पोवाल्यानेसुद्धा विचारलं असतं.

सासऱ्यांनी काही विचारलं नाही.

जावई अजून थोडा वेळ थांबला. मग त्याने अंगठा उचलला आणि काचेवर टिचकी मारली. अजून पाच पायऱ्या बाकी होत्या.